मेव्हण्याचा दोर

पाली, ता. १८ ऑगस्ट १९७४

गेनू,

पत्राच्या वर आशीर्वाद लिवायची रीत हाय. तो तुझा तूच लिवून घे, माझ्या हातनं आज निघंना.

दचकलास ना अक्षर बघून? तीन वर्सांत तुला वाटलं असंल, आक्का मेली, न्हाईतर लिवणं इसरली. दोन्हीतलं एकबी झालं न्हाई. तुझा पत्ता वरव्याच्या सोनबानं दिला. नसरापूरच्या बाजारात भेटला. म्हणला, "गेनू आन् म्या पुण्यात एकाच आळीत कामाला. पर आता लई मोठा माणूस झालाय त्यो. सुट्टीच्या दिवशी फटफटीवर डोंगर चढतो, लोक टाळ्या वाजवत्यात." म्या म्हणलं, चढू दे बाबा. चढायला त्यो पयल्यापासून हुशार हाय, उतरून घरी यायचं तेवढं त्याला जमत न्हाई. सोनबा बिचारा हसावं का नको म्हणून तसाच उभा ऱ्हायला.

ख्यालीखुशाली इचारायला हे पत्र न्हाई. काम हाय म्हणून लिवते.

यंदा कारवी फुलणार. सात वर्सांनी. कड्याच्या माथ्यापासून पार खिंडीपतोर कळ्या धरल्यात. दसऱ्याच्या आतबाहेर समदा डोंगर निळा व्हईल, आन् मागनं मोहळकड्याला आग्या माशांची पोळी लागतील. कारवीचा मध काय असतो ते तुला सांगाया नको. मागल्या फुलोऱ्याला तू भाकरी बाजूला सारून नुसता मध चाटलास आन् दोन दिवस पोट धरून बसलास.

तुझे दाजी म्हणत्यात, यंदा मध काढाया दोरावरनं कडा म्या उतरणार.

त्यांचा खुबा तू दवाखान्यात बघितलाच हाईस. आता काठीबिगर चालत्यात, पर डावा पाय वढत. हात मातर तसेच हाईत, लोखंडाचे. त्या हातांना काम काय, तर ओसरीवर बसून दावी वळायची. गोठ्यात जनावरं चार आन् दाव्यांचा ढीग छपराला लागलाय. कड्याचा गडी म्हणून वेल्ह्यापतोर ज्यांची वळख, त्यांना आता शेजारपाजारच्या बाया वाळवण राखाया बसवत्यात. "भाऊ, जरा कोंबड्या हाकला." ते हाकलत्यात. मला ते बघवत न्हाई. परवा रानातनं कळ्या बघून आले आन् माळ्यावरचा दोर खाली काढला. लई दिवसांनी हसले. "जाऊ नका" म्हणायच्या जागी म्या दोरावरची धूळ झाडाया घेतली.

आता तुला काम कळलं असंल. दोर कोण धरणार?

गावात कोण धरत न्हाई, इचारून झालं. शेजारचा भिमा म्हणला, "वयनी, मेव्हणा जिता असताना आमी हात लावायचा न्हाई. उद्या कमीजास्त झालं तर बोल आमच्यावर." त्याचं काय चुकलं? यांच्या घराण्याची रीत तुला म्हाईत हाय. लग्नात नारळ ठिवून दोराचं टोक तुझ्याच हातात दिलं व्हतं, टोकाला हळदीची चिंधी बांधली व्हती, ती अजून हाय. सख्ख्या भावाला दोर देत न्हाईत, भावाला वाटणी दिसती. बायकूनं तर कड्याकडं फिरकायचंच न्हाई, तिनं घरी चूल पेटती ठिवून बसायचं. धरायचा तो मेव्हण्यानं. माशा उठल्या की दुसरा कुणीबी दोर टाकून पळतो. मेव्हणा पळत न्हाई, कारण त्याला खाली बहिणीचं कुंकू दिसतं.

असं म्हणत्यात बाबा.

ये. एक दिवस ये, दोर धर, आन् मग जा तुझ्या फटफटीवर बसून कुठं जायचं तितं. म्या दुसऱ्यांदा हाक मारायची न्हाई.

आक्का


पाली, ता. २२ सप्टेंबर १९७४

गेनू,

तुझं कार्ड पावलं. चार ओळी, त्यातल्या दोन पावसापाण्यावर. "कामाचा लई रेटा हाय, बघतो कसं जमतंय. त्या अपघातानंतर दाजींनी कड्यावर जाऊ नये, तब्येत जपावी." वा रे वा! तब्येत जपावी म्हणं. ही अक्कल तवा कुठं चराया गेली व्हती?

फोटोबी पावला. फटफटीचं पुढचं चाक हवेत, मागं धुरळा, आन् तुझ्या डोक्यावर पातेलं पालथं घातल्यावाणी काहीतरी. तोंड दिसत न्हाई. म्या म्हणलं, ह्यो कुणीबी असंल. तर हे म्हणले, "बसायची ढब बघ की. गेनूच हाय." खळ करून फोटो भिंतीला चिकटवला, तोबी देव्हाऱ्याशेजारी. रोज सकाळी देवाला हात जोडताना मला तुझी फटफटी बघावी लागती.

हे म्हणत्यात, लिव, माझा त्याच्यावर राग न्हाई. लिवलं. त्यांचा निरोप त्यांच्यापाशी. माझा हाय, आन् तो म्या कुणाला इचारून धरलेला न्हाई.

तू अपघात म्हणतोस. वीज पडली, साप चावला, त्याला अपघात म्हणत्यात. तुला आठवत नसंल तर आठवण करून देते. म्या तितं नव्हते, रीतीपरमाणं चुलीपाशी बसले व्हते. पर भिमानं समदं बघितलंय, आन् यांच्या तोंडनंबी म्या एकेक शब्द काढून घेतलाय.

वैशाख व्हता. पुण्याचे क्लबवाले कडे चढायचा खेळ खेळाया आले. आमी कड्यावर पोटासाठी जातो, ते हौसंनं येत्यात. येवोत बापडे, कडा काय कुणाच्या बापाचा न्हाई. तीन फटफट्या बैलवाटेनं, दगडधोंड्यातनं थेट माथ्यापतोर चढवल्या. समदा गाव बघाया लोटला. मग त्यांना यांचं उतरणं बघायचं व्हतं. हे उतरले. दोर तुझ्या हातात, अंजनीच्या झाडाला एक येढा आन् तुझ्या कमरंला एक. तेवढ्यात त्यातला एकजण तुला म्हणला, "बसतोस का? एक चक्कर मारून ये."

आन् तू उठलास!

गेनू, म्या ह्यो प्रसंग मनात लई येळा फिरवून बघितलाय. तू उठलास, हितपतोर येते आन् पुढं जाताच येत न्हाई. कमरंचा येढा सोडलास कसा रे? बोटं जरातरी थांबली का? दोर दिलास कुणाच्या हातात, तर चष्मेवाल्या कॉलेजच्या पोराच्या. "दोन मिन्टं धर." आन् फटफटीला किक मारलीस, ती पार कड्याच्या टोकाला. त्या आवाजानं, त्या धुरानं माशा उठल्या. पोरगं दोर टाकून पळालं.

त्या पोराला म्या कधी बोल लावला न्हाई. का पळू नये त्यानं? त्याची बहीण का दिली व्हती यांना?

हे खाली कोसळले, मधल्या धारेवरच्या उंबरात अडकले म्हणून माझं कुंकू ऱ्हायलं. खुबा गेला. तू डोली खांद्यावर घेतलीस, दवाखान्यात यांच्या उशाला बसलास, ढसाढसा रडलास, हे समदं म्या बघितलंय आन् इसरले न्हाई. तुझं वय व्हतं, मोह झाला, चूक झाली, इतपतोर माझं मन तुला पाठीशी घालाया तयार व्हतं. आईमागं म्याच तुला कामथडीवरनं हितं आणून वाढवला, मला तुझी नाडी ठावं हाय. पर यांना घरी आणायच्या दिवशी "क्लबवाल्यांना भेटून येतो" म्हणून गेलास, तो आज येतोयस. आमी दवाखान्याच्या दारात दुपारपतोर थांबलो. हे सारखे म्हणत व्हते, "येईल, येईल, टांगा थांबव." माझा राग त्या दुपारचा हाय.

तवा "बघतो" नको. येतोस का न्हाई, सरळ लिव.

आक्का


पाली, ता. २० ऑक्टोबर १९७४

गेनू,

कारवी फुलली. घरातनं बाहेर पाऊल टाकलं की निळंच निळं. मोहळकड्याला पोळी लागल्यात, भिमानं खालनं बघितली, म्हणतो एकेक पोळं सुपाएवढं हाय.

तुझं उत्तर न्हाई, पर तुझी बातमी मातर दारात आली. परवा क्लबची जीप आली. दोघंजण, लाल झेंड्या घेऊन. शर्यतीची वाट आखत फिरत व्हते. यांना बघून वळखलं. "काय सावळाराम, बरा आहेस ना?" हे म्हणले, "झकास हाय साहेब." झकास! आन् मला चहा टाकाया लावला.

तर चोवीस नोव्हेंबरला, आयतवारी, तुमची फटफट्यांची शर्यत हाय. वेल्ह्याकडनं सुटायचं, ओढ्याच्या पोटातनं यायचं, मोहळकड्याच्या खालनं दुष्काळी रस्त्यानं वर चढायचं आन् खिंडीपल्याड संपायचं. तितनंच खाली उतरून भोरवरनं पुण्याला. ते म्हणले, "तुमचा गेनू या खेपेला पहिला येणार बघा." तुमचा गेनू. म्या चहात साखर जास्ती पडली का बघत ऱ्हायले.

दुष्काळी रस्ता कुठला, तुला म्हाईत नसायचा. तू गेल्यावर झाला. दुष्काळात कामं निघाली तवा त्या रस्त्याची खडी म्या फोडलीया गेनू. हे ओसरीवर पडलेले, सासूबाई जनावरांमागं, आन् म्या उन्हात हातोडा घेऊन. अंगठ्याचं नख गेलं ते अजून सरळ आलं न्हाई. त्या रस्त्यानं एसटी येणार म्हणत व्हते. आजपतोर आली न्हाई. पयली गाडी येणार ती तुझी. पळव बाबा, खडी चांगली बसवलीया.

पर यांचा आनंद बघवत न्हाई. "बघ ठकू, देवानंच आणला. आता तो हितं येणारच." रातदिस ध्यास लागलाय. शनिवारी तेवीसला मध काढायचा आन् आयतवारी शर्यत बघायची, असं यांनी ठरवून टाकलंय. त्याच्या आत मध पक्का व्हईत न्हाई, आन् त्याच्या पुढं ठिवला की माशाच खाऊन उडून जात्यात. दोराला तेल लावून झालं. सासूबाई म्हणत्यात, नवा आंबेमोहर झोडून ठिवते, गेनूला त्याचा भात आवडतो.

खोटं कशाला बोलू, माझंबी मन हललं. काल पाण्याला गेले तवा येशीकडं बघत उभी ऱ्हायले आन् घागर भरून वाहिली. माझा मलाच राग आला. एक राग धरलाय, तोबी मला नीट धरता येईना.

शनिवारी ये. मुक्कामाला ये. आयतवारी घरनंच शर्यतीला जा.

आक्का


पाली, भाऊबीज, ता. १५ नोव्हेंबर १९७४

गेनू,

सोनबा आला. लुगडं आणलं. तुझा निरोप सांगितला, "तेवीसला सकाळीच येतो, दोर म्याच धरणार, दाजींच्या गळ्याची शपथ." शपथ घ्यायला गळा बरा सापडला तुला, स्वतःचा कुठं गेला व्हता?

आज पाट मांडला व्हता. सोनबा म्हणला येणार न्हाई, तरी मांडला. दिवस मावळला तवा सासूबाई म्हणल्या, "चंद्राला ववाळ, पोरी." ज्यांना भाऊ न्हाई त्या बाया चंद्राला ववाळत्यात. म्या ववाळलं. नखाएवढा चंद्र, डोंगराच्या मागं लगीच गेलाबी. तोसुदीक थांबला न्हाई.

लुगडं चांगलं हाय. घडी मोडली न्हाई. तू शनिवारी दोर धर, आयतवारी म्या हे लुगडं नेसून कड्याखाली उभी ऱ्हाईन आन् तुझ्या नावानं वरडंन, गावानं हसलं तरी चालंल. न आलास तर लुगडं हाय तसं परत येईल.

हे इचारत्यात, पातेलं घातल्यावर ऐकाया येतं का? हाक मारली तर कळंल का?

आक्का


पाली, ता. १ डिसेंबर १९७४

गेनू,

अक्षर वाकडं आलंय. उजवा डोळा अजून नीट उघडत न्हाई आन् बोटांची सूज उतरली न्हाई. भिमा पुण्याला निघालाय, म्हणून आज लिवून संपवते.

शनिवारी आमी पहाटंच माथ्यावर गेलो, हे, म्या आन् भिमा. रीत मोडून म्या कशाला गेले म्हणशील. यांचा पाय बैलवाटंनं चढताना धरावा लागतो, म्हणून गेले, तू आलास की खाली येणार व्हते. अंजनीखालचा तुझा दगड यांनी धोतरानं पुसला. शेजारी दोर गुंडाळून ठिवला, चिंधीचं टोक वर. दुपार झाली. खालच्या वाटंवर कुणी दिसलं की हे उठून बघायचे. सांजंला खाली आलो. आंबेमोहराचा भात जनावरांना घातला न्हाई, एवढंच. आमीच खाल्ला.

आयतवारी पुन्हा निघाले. म्या म्हणलं, बास झालं. तर म्हणले, "शर्यत सुटायच्या आधी येईल. खाली तर आलाच हाय." खरंच की, तू तवा वेल्ह्यात व्हतास. किती लांब रे? चालत आलं तरी ऊन तापायच्या आत माणूस पोचतं, तुझ्याकडं तर फटफटी. सासूबाई दारात आल्या, म्हणल्या, "तू जा त्याच्यासंगं. चूल म्या बघते." सासू असून त्या तसं म्हणल्या, ध्यानात ठिव. जाताना म्या तुझं लुगडं उचललं. कशाला ते तवा मलाबी कळलं नव्हतं. वाटंत तू भेटलास तर तुझ्या तोंडावर मारावं, असं काहीतरी मनात असंल.

ऊन वर आलं. खाली जीपा, माणसं, लाल झेंड्या. मग लांबनं तो आवाज सुरू झाला. यांनी ऐकलं, माझ्याकडं बघितलं, आन् दोराचा येढा अंजनीला घातला. भिमा बाजूला सरला. म्या इचारलं, "कोण धरणार?" हे म्हणले, "तुला नको वाटत असंल तर झाडालाच बांधतो." त्यांच्या तोंडावर काय व्हतं ते तुला सांगता येणार न्हाई. आज न्हाई उतरले तर ह्यो माणूस पुन्हा दावी वळत बसणार आन् तसाच मरणार, एवढं मला दिसलं. म्या तुझ्या दगडावर बसले. पाय टेकवले. दोर कमरंला काचला म्हणून लुगड्याची घडी मोडली आन् चुंबळ करून मधी घातली.

ते उतरले, गेनू. पाय लुळा, पर दोरावर गेल्यावर पायाचं काय काम! धुराची चूड घेऊन असे उतरले की भिमाच्या तोंडनं "आरारारा" निघालं. पयलं पोळं कापलं, टोपली वर आली. दुसरं कापलं. मला काही दिसत नव्हतं, दोराच्या वजनावरनं कळत व्हतं कुठवर गेलेत ते. वजन हललं की म्या पाय रोवायचे.

आन् मग खालनं, दुष्काळी रस्त्यावरनं, तुमच्या गाड्या आल्या.

ते वरडले. मध काढताना तोंडातनं शब्द काढायचा न्हाई, ह्यो त्यांनीच तुला शिकवलेला नेम. आन् ते पोरावाणी वरडले, "गेनू! ठकू, गेनू पुढं हाय! लाल गाडी, पुढं हाय गं!" हात सोडला एक. मला दिसलं न्हाई, पर दोराला असा हिसका बसला की माझं ढुंगण दगडावरनं उचललं गेलं. कड्याला लोंबकळत एका हातानं तुला हात करत व्हते. भिमानं बघितलं.

माशा उठल्या.

भिमा पळाला. पळू दे, त्यानं तरी का थांबावं? कांबळं माझ्या अंगावर फेकून पळाला, तेवढी त्याची माणुसकी. कांबळं घसरलं. तोंड, मान, हात. सोड म्हणून अंगच सांगतं गेनू, मन न्हाई. मन इचारातच न्हाई घेत कुणी. म्या डोळं मिटलं आन् तुला शिव्या दिल्या. आईबापावरनं दिल्या, ते आपले दोघांचेच हाईत तरी दिल्या. एकेक शिवी घालायची आन् दोर आवळायचा. तुझ्या नावानं मला तेवढं बळ आलं, हे कबूल करते.

दोराच्या गाठींवर हात टाकत ते त्यांच्या त्यांच्या बळानं वर आले. मला बघून मटकन खाली बसले. मग कांबळ्याखाली घेऊन माझ्या तोंडातले काटे नखानं काढत बसले. म्या इचारलं, "त्यानं वर बघितलं का?"

ते म्हणले, "व्हय. बघितलं. हातबी केला."

आन् कान खाजवला. आठ वर्सं संसार केलाय म्या या माणसासंगं. खोटं बोलताना ते कान खाजवत्यात. भिमालाबी नंतर इचारलं, तर तो पायाकडं बघत म्हणला, "वयनी, शर्यतीत वर बघून कसं चालंल?"

तरी आयतवारी सांजंला यांनी ओसरीवर घोंगडं टाकलं. जीपा गेल्या, धुरळा बसला, घोंगड्यावर कुत्रं येऊन झोपलं. यांनी त्याला हाकललं न्हाई.

तर ऐक. लुगडं परत करणार म्हणले व्हते, ते आता जमत न्हाई. दोरानं काचून चिंध्या झाल्या त्याच्या. तुझं तेवढं एक कामाला आलं.

दोराच्या टोकाची हळदीची चिंधी म्या सोडली. त्या लुगड्याच्या काठाची पट्टी बांधली. पुढच्या खेपेला दोर म्याच धरणार, सासूबाईंना इचारून ठरवलंय, आन् गावात कुणाची बोलायची टाप न्हाई, माझं तोंड बघून समदे वाट देत्यात. तुला आता कुणी बोलावणार न्हाई. पाट मांडायची न्हाई. चंद्र हाय मला.

भिमाकडं मधाची बाटली दिलीया. ती यांनी भरली, पयल्या पोळ्यातली. म्या अडवलं न्हाई. बुचाला जी पिवळी चिंधी गुंडाळलीया ती तुझी, तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे.

आता एक ऱ्हायलं, ते माझं न्हाई. रोज सकाळी तोंड धुतलं की हे भिंतीवरच्या त्या फोटोसमोर उभे ऱ्हात्यात आन् इचारत्यात, "ठकू, पयला आला असंल का गं?" म्या म्हणते, मला काय म्हाईत. खिंडीच्या पल्याडचं हितनं दिसत न्हाई.

एक कार्ड टाक. आलास का न्हाई, एवढंच लिव. वर नाव त्यांचं घाल.

ठकुबाई